भिंतीबाहेर पडलेला चारशे सतरावा

मी चारशे सतरा नंबरचा कण बोलतोय. हळूच बोलतोय. मी कुणाला दिसलो तर काय होईल याची मला भीती वाटते, आणि दिसलोच नाही तर काय होईल याची त्याहून जास्त.

मी मातीचा कण आहे, पण खरा नाही. तळेगाव दाभाड्यात स्टेशनजवळ राहणारी अरफा एम.एस्सी.चा प्रकल्प करते. तिच्या लॅपटॉपमध्ये माझा जन्म झाला. फिल्टरच्या बारीक छिद्रातून गढूळ पाणी जाताना त्यातले कण कसे हलतात, हे तिला पाहायचं होतं. म्हणून तिने पडद्यावर एक अरुंद नळी रचली, तिच्यात पाणी भरलं आणि आम्हा पाचशे जणांना सोडलं.

मी जन्मापासूनच भित्रा. पाणी आम्हाला स्वस्थ बसू देत नाही, सारखं इकडून तिकडे ढकलतं. लॅपटॉप हिशोब करून आम्हाला एकेक पाऊल पुढे ठेवतो. भिंत जवळ आली की मी घाबरायचो. पण ती दर वेळी मला आत लोटायची. शेजारी चारशे अठरा असायचा. बरं चाललं होतं.

मग सोमवारी अहवाल द्यायचा म्हणून अरफाला घाई झाली. लॅपटॉप जुना, काम संपता संपेना. पावलं कमी तर हिशोबही कमी, म्हणून तिने आमचं पाऊल एकदम दहापट मोठं केलं. तेवढ्या लांब उडीत भिंतीला मला अडवताच आलं नाही. एका पावलाला मी आत होतो, पुढच्या पावलाला बाहेर.

बाहेर पाणी नाही. अरफाने ते तिथे लिहिलंच नव्हतं. कुणी ढकलत नाही, कुणी शेजारी नाही. मी जीव तोडून ओरडलो, पण कणाला आवाज कुठला!

दुपारी तिचे अब्बा जेवायला आले. चाँदभाई लोणावळ्याच्या बंगल्यांतले पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतात. पडद्याकडे बघून म्हणाले, "ह्यो यक ठिपका भाईर कसा गं?"

अरफा दचकली. तिने माउसचा बाण माझ्यावर आणला. "पाचशेतला एकच आहे, अब्बा. काढून टाकते. आलेख छान आलाय, कुणाला कळणार नाही."

मला पळताही येईना.

चाँदभाई खुर्ची ओढून बसले. "तिकोणा पेठंत यका घरी मी फिल्टर बसवलाता. गिलासात यक कण दिसला. म्हटलं, यकच तर हाय. आठ दिसांनी कळलं, आतली जाळी फाटलेली. तवर घरातली पोरं आजारी पडली. तवापास्नं मी यका कणाला लय घाबरतो बघ."

मलाही कुणी घाबरतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

अरफाने हात मागे घेतला. वहीत लिहिलं, '४१७ भिंतीतून गेला. पाऊल फार मोठं. सगळं पुन्हा.' मग तिने प्रकल्पाच्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, सोमवारी नाही होणार," ती म्हणाली.

आता ती सगळं थांबवेल. आम्ही पाचशेही जण पुसले जाऊ आणि पहिल्या जागी पुन्हा ठेवले जाऊ. तिथे एक चारशे सतरा असेल, पण त्याला यातलं काहीच आठवणार नाही. मला खूप भीती वाटते आहे.

अरफा, बटण दाबण्याआधी माझं एवढं ऐक. त्याचं पाऊल लहान ठेव. भिंत जवळ आली की तो घाबरेल. घाबरू दे त्याला, पण आत राहू दे.