केळीचा चीक

केविनानं हिरव्या केळ्यांचा घड सुनेच्या पायाशी आपटला.

“कसाय?”

“चांगला आहे, आई.”

“चांगला! व्यापारणीनं घडाला चांगलं म्हटलं तर तिची पोरं उपाशी मरतील. नावं ठेव त्याला!”

रेस्ती ओशाळली. बारा वर्षांच्या संसारात तिनं कोंबडीलासुद्धा नावं ठेवली नव्हती. “जरा... लहान वाटतो.”

“लहान वाटतो म्हणे! म्हण, हा घड आहे की उंदराची शेपटी? मोठ्यानं!”

अंगणात ड्रायव्हर कातेरेग्गानं लॉरीचा भोंगा दोनदा वाजवला. माल भरून झाला होता. केविनानं स्वतःचा जुना फडका सुनेच्या कमरेला आवळला, त्यात कोयता खोचला आणि तिच्या टक्कल पडलेल्या डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला.

कंपालाच्या इस्पितळात कॅन्सरच्या चार सलाइनी झाल्या तेव्हा रेस्तीच्या छातीतली गाठ कॉफीच्या बीएवढी उरली होती. पाचव्या सलाइनीच्या तारखेला महामारीनं रस्तेच बंद केले. आता गाठ पुन्हा बोटाला लागत होती. उद्याची तारीखही चुकली तर पहिल्यापासून सुरुवात, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं. प्रवास परवान्याच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, “ताप आहे? खोकला आहे? नाही ना? मग घाई कसली?” त्यावर केविना जे बोलली, ते ऐकून त्यानं खिडकीच लावून घेतली.

पण खायच्या मालाला रस्ता मोकळा होता. लॉरी, ड्रायव्हर आणि सोबत एक व्यापारी, एवढ्यांना सोडत. चाळीस वर्षं कंपालाच्या बाजारात केळी विकलेल्या बाईला आणखी काय हवं होतं? फाट्यावरच्या नाक्यावर शिक्क्याची चिठ्ठी मिळाली की पुढं कोणी अडवत नसे. चिठ्ठी नाही मिळाली, तर रेस्ती जेवणाच्या आत घरी.

“तुम्ही घरातच थांबा हं, आई,” रेस्ती चढताना म्हणाली.

“मला काय कामं नाहीत?” म्हणत केविना आत गेली, मागच्या दारानं निघाली आणि स्वतःच्या बागेतून धापा टाकत लॉरीच्या आधी फाट्याशी पोचली. शेवटच्या केळीआड तिनं बूड टेकलं.

पोलिसानं काठीनं लॉरीवर ठोकलं. “खाली उतर. व्यापारीण?”

“हो,” रेस्ती पुटपुटली.

मोठ्यानं गं! केविनानं झग्याचं टोक दातात धरलं.

“हात दाखव.”

चीक! सगळं शिकवलं आणि चीकच विसरली. केळी विकणारीचे हात चिकानं काळे असतात, साबणानं जात नाहीत. केविनानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. ते काळे होते, पण इथं, झाडाआड.

रेस्तीनं हात पुढं केले. दहाही नखं काळी होती. सलाइनीनं झालेली.

पोलिसानं वाकून नखं पाहिली. मग त्यानं एका घडावर थाप मारली. “माल छान आहे.”

“छान?” रेस्तीचा आवाज असा चढला की ड्रायव्हरही दचकला. “हा घड आहे की उंदराची शेपटी? डोळे आहेत का बटणं? चला, शिक्का मारा, उन्हात माल पिकला तर तुम्ही घेणार आहात?”

केविनानं कपाळावर हात मारला. बया, हे घेताना बोलायचं असतं, स्वतःच्या मालाला नाही! पण हसू आवरेना. तिनं मूठच तोंडात कोंबली.

शिक्का बसला. आडवा बांबू वर गेला आणि लॉरी धुरळा उडवत निघाली. केविनानं वाळल्या पानांवर टुणकन उडीच मारली.

“बाहेर या, आजी,” पोलीस म्हणाला. “पिवळा झगा केळीत लपतो होय?”

“माझी बाग आहे. मी कुठंही उभी राहीन.”

“स्वतःच्या मालाला शिव्या घालणारी व्यापारीण मी पहिल्यांदाच पाहिली. कोण तुमची?”

“सून,” केविना म्हणाली. आणि हा शब्द आज पहिल्यांदाच ताठ मानेनं तोंडातून निघाला, हे तिचं तिलाच कळलं.

पोलिसानं तिच्या हातांकडं पाहिलं. “चीक वरून लागतो, आजी. नखाच्या मुळातून येत नाही. माझ्या बहिणीची नखं अशीच होती.”

केविनानं मान खाली घातली. कचेरीतला कारकून तिथं असता तर त्याला हे खरं वाटलं नसतं.

“पुढचा माल कधी?” त्यानं बांबू खाली घेता घेता विचारलं.

“तीन आठवड्यांनी.”

“सकाळची पाळी मागून घेतो. पण तोवर तिला विकायचं शिकवा.”

“शिकवते,” केविना म्हणाली. तिनं बाहीनं डोळे पुसले, मग नाक, आणि आवाज जागेवर आणला. “पण तूही तयारीनं उभा राहा, लेकरा. तुझ्याच गळ्यात ती असा घड मारील की घरी बायको दारात उभं करणार नाही.”