लाल कानाचा मालक

आमच्या क्लबाला आजवर दोन मालक लाभले आणि दोघांनीही आम्हाला लुटलं, तेही कागदपत्रं अगदी चोख ठेवून. पहिल्याने बँकेचं पत्र आणलं होतं. बँक खरी, पत्र खरं, फक्त पत्रातला माणूस दुसराच होता. दुसऱ्याने ब्राझीलहून सेंटर फॉरवर्ड आणला. तो नाचाच्या क्लासचा मास्तर निघाला. जाताना मालकाने मैदानाचे दिवेसुद्धा उतरवून नेले, मास्तर मात्र इथेच राहिला. अजून गुरुवारी आमच्याच हॉलमध्ये क्लास घेतो आणि भाडं वेळेवर देतो. त्या सगळ्या व्यवहारात आम्हाला मिळालेला सचोटीचा माणूस म्हणजे तोच.

मालक म्हणायचं ते आपलं सवयीनं. बार्रांका सूर हा क्लब कागदोपत्री आम्हा सभासदांचाच. बाहेरचे फक्त चालवायला घेतात, आणि त्यासाठी सभासदांच्या सभेत हात वर व्हावे लागतात. आमचे हात फार चटकन वर होतात.

मी देल्फिना, क्लबाचं कॅन्टीन चालवते. नवरा एवेलिओ क्लबाचा तिसरा गोलकीपर होता, म्हणजे पहिले दोघे एकदम आजारी पडतील या आशेवर जगणारा. ते आयुष्यात एकदाच आजारी पडले. त्या दिवशी एवेलिओने नदीकडच्या गोलमध्ये डाव्या खांबापाशी पेनल्टी अडवली आणि पुढची तीस वर्षं ती मला जेवताना सांगितली. त्याची राख त्याच खांबाच्या मुळाशी आहे, मीच घातली. आमच्याकडे माणूस गेला की राख क्लबात येते. अध्यक्ष इलारिओ नियमावर बोट ठेवून ‘नाही’ म्हणतो आणि फाटकाची किल्ली टेबलावर विसरून जातो. त्याचा स्वतःचा भाऊ मधल्या वर्तुळात आहे.

मैदान पाराना नदीच्या अगदी कड्यावर आहे. आजूबाजूला उंच इमारती उठायला लागल्या होत्या, नदी दिसते म्हणून दामदुप्पट भावाच्या. त्यामुळे कोणीही नवा पाहुणा कोट घालून आला की मला आधी तो खांब आठवायचा. माझी भीती एवढीच होती, आणि ती मी कोणापासून लपवली नाही.

तर तिसरा पाहुणा आला. लिसेन्सियादो आराओस, म्हणजे पदवीवाला साहेब. ब्वेनोस आयरेसचा, गुंतवणूकदारांच्या कुठल्याशा मंडळातर्फे आलेला. त्याने आणलेली कागदांची चळत इलारिओने हातानेच बाजूला सारली.

“कागद आम्ही दोनदा वाचलेत,” इलारिओ म्हणाला. “आता माणूस वाचायचा.”

इलारिओ पेशानं न्हावी. चाळीस वर्षं माणसांच्या माना हातात धरल्यामुळे आपल्याला माणूस कळतो, असा त्याचा समज. त्याचा उजवा हात म्हणजे काणा स्कार्पेता. एक डोळा लहानपणी गेलेला, पण उरलेल्या डोळ्याने आपल्याला दुप्पट दिसतं असं तो सांगतो. या दोघांनी ठरवलं की माणसाची परीक्षा त्रुकोत घ्यायची.

त्रुको हा पत्त्यांचा खेळ असला तरी खरा खेळ खोटं बोलण्याचाच. हातात फुटकी कवडी नसताना छाती काढून “त्रुको” म्हणायचं, म्हणजे समोरचा घाबरून पत्ते टाकतो. जोडीदाराला तोंडाने खुणा करायच्या. तलवारीचा एक्का, म्हणजे सगळ्यांत मोठं पान, हाती आलं की भुवया उडवायच्या, पण शत्रूच्या नजरेआड. शत्रूला फसवायचं तर पान नसतानाही उडवायच्या. काण्याचा घोटाळा एवढाच की डोळा मिचकावायची खूण करताना तो आपला धड डोळाच मिटतो, मग समोरून काय उत्तर आलं ते त्याला कळत नाही.

“ज्याला पत्त्यात खोटं पचत नाही,” इलारिओ म्हणाला, “त्याला पैशात काय पचणार?”

वाक्य सुंदर होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. क्लब असाच बुडतो.

शुक्रवारी संध्याकाळी आराओस टेबलाशी बसला आणि हरला. पुढच्या शुक्रवारीही हरला. त्याची खुणेची भुवई केसांना जाऊन टेकायची, आंधळ्यालाही दिसेल अशी. आणि हातात काही नसताना “त्रुको” म्हणाला की त्याचा डावा कान टोमॅटोसारखा लाल व्हायचा. तसं म्हणण्याआधी कान चोळायची त्याला सवय होती, विचारात पडल्यासारखी. मग कान तापायचा आणि आमचे दोन पंडित एकमेकांकडे बघून हसायचे. गुण मोजायचे घेवड्याचे दाणे इलारिओपुढे ढीगभर साठायचे.

“बिचारा,” काणा मला आत येऊन म्हणाला. “देल्फिना, हा माणूस बायकोशीसुद्धा खोटं बोलू शकत नसेल.”

“त्याला बायको आहे का ते विचारलंस?”

“कान बघितला की झालं. विचारायचं काय?”

त्या दिवसापासून क्लबात कानाचं राज्य सुरू झालं. दिवे परत लावणार का? हो म्हणाला, कान पांढरा. पोरांचे पगार वेळेवर देणार का? कान पांढरा. लोक प्रश्न विचारायचे आणि तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचे. करारनामा मी स्वतः भिंतीवर टाचला होता, जेवणाच्या यादीशेजारी, म्हणजे येता-जाता कोणी तरी वाचेल. लोक यादी वाचायचे. महिनाभरात करारावर तळणाचे डाग पडले आणि मिलानेसाचा, म्हणजे तळलेल्या मांसाचा, भाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ झाला.

मी वाचला. मला वकिली समजत नाही, पण एक ओळ समजली. कंपनीला वाटेल तेव्हा मैदान ‘अधिक सोयीच्या जागी’ हलवता येईल.

मी आराओसला जेवताना गाठलं. ताटात मिलानेसा, दोन्ही हातात काटा-सुरी.

“मैदान हलवणार का हो तुम्ही?”

“देल्फिनाबाई, मैदान म्हणजे क्लबाचं काळीज,” तो म्हणाला. “काळीज कोण हलवतं?”

सगळं कॅन्टीन त्याच्या कानाकडे वळलं. कान पांढराफटक. इलारिओने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नात रडारड केली.

“मग ही ओळ कशाला लिहिली?” मी इलारिओला विचारलं.

“ओळी वकील लिहितात. कान देवाने दिलाय.”

सभेच्या आदल्या शनिवारी दुपारी अंगणात मांस भाजायला ठेवलं होतं. आच कमी की जास्त यावर सगळे पुरुष शेगडीभोवती भांडत होते. आराओस टेबलाशी एकटाच पत्ते पिसत बसलेला. मी हात पुसले आणि समोर बसले. एवेलिओबरोबर मी तीस वर्षं खेळले आहे, तेव्हा मलाही थोडं कळतं.

“एक हात होऊन जाऊ दे, लिसेन्सियादो. तुम्ही न् मी.”

“माझी लाज काढणार तुम्ही.”

मला आले चव्वी-पंजी-छक्की छापाचे तीन पत्ते, त्रुकोत याहून भिकार काही नसतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून “त्रुको” म्हटलं. त्याने कान चोळला, पत्त्यांकडे पाहिलं, सुस्कारा टाकला.

“तुमच्यापुढे कोणाचं चालणार,” म्हणत त्याने पत्ते पालथे टाकले आणि कान लाल घेऊन शेगडीकडे निघून गेला.

टाकलेले पत्ते कोणी उलटून बघायचे नसतात. आमच्याकडे हा नियम चर्चमधल्या नियमांपेक्षा कडक आहे. मी उलटले. वर होता तलवारीचा एक्का. जो पत्ता कोणाच्या बापाला मारता येत नाही, तो हातात घेऊन हा माणूस हरला होता. हरायला बसला होता. त्याला आमचे घेवड्याचे दाणे नको होते.

मी एक्का घेऊन शेगडीपाशी गेले, इलारिओ आणि काण्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील.

काण्याचा एकुलता डोळा पाणावला. “एक्का टाकला? एका विधवेसाठी? इलारिओ, काय माणूस आहे रे.”

“हा मुद्दाम हरतोय,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून. तुम्हाला झुलवतोय.”

पण इलारिओचं लक्ष दुसरीकडेच होतं. “तू टाकलेले पत्ते उलटलेस?”

“उलटले.”

“देल्फिना, एवेलिओची बायको तू. आपल्या टेबलावर, पाहुण्याचे पत्ते?”

त्याला खरंच दुःख झालं होतं. क्लब चोराच्या घशात चाललाय याचं नव्हे, मी पत्ते उलटले याचं. त्याने मला जाहीरपणे त्रुकोच्या टेबलावर बंदी घातली. एक्का परत गड्डीत ठेवायचं मला कोणी सांगितलं नाही, आणि तो एप्रनच्या खिशातच राहिला.

सभेत मी उभी राहून बोलले. लोकांनी ऐकून घेतलं, मग कान बघितला. विरोधात हात दोनच वर गेले, माझा आणि नाचाच्या मास्तरचा. मास्तर म्हणाला, “मला एकदा सेंटर फॉरवर्ड म्हणून आणलं होतं. मी सुद्धा तेव्हा फार प्रामाणिक दिसत होतो.” कोणी हसलंही नाही.

सही झाल्यावर आराओस परत कधी खेळायला बसला नाही. डिसेंबरात, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, मैदानावर नव्या इमारतीचा फलक लागला: नदीकाठी राहा. आमचं नवं मैदान हायवेच्या पलीकडे, टोलनाक्यामागे, जिथे गवतसुद्धा मनापासून उगवत नाही. पुरुषांनी महिनाभर फलकाला शिव्या घातल्या आणि रोज संध्याकाळी त्रुको खेळले. वकील करावा का यावर एकदा बोलणं निघालं, पण डाव अर्धा होता.

यंत्रं यायच्या आदल्या दिवशी सकाळीच मी फावडं आणि कॅन्टीनचं मोठं पातेलं घेऊन नदीकडच्या गोलवर गेले. राख आता मातीच झालेली, एवेलिओ किती आणि माती किती, हे कोण सांगणार. म्हणून सगळंच घ्यायचं ठरवलं. खणताना मला भयंकर राग आला होता, त्याच्यावरसुद्धा, की मेल्या, पेनल्टी उजव्या खांबाला अडवली असतीस तरी जागा हीच गेली असती.

मागे पावलं वाजली. इलारिओ होता. काखेत बिस्किटांचा रिकामा डबा, भावासाठी. मधल्या वर्तुळाकडे न जाता तो माझ्यापाशीच येऊन उभा राहिला.

“देल्फिना, एक विचारू? खरंच होता का त्याच्याकडे एक्का?”

मी एप्रनच्या खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट केला. पाठीवर आमच्याच कॅन्टीनच्या तेलाचा डाग.

“हा आपल्या गड्डीतला आहे.”

“मग कोणाच्या?”

“म्हणजे तेव्हापासून गड्डीत एक्काच नाही?”

“नाही.”

“असं कसं? शनिवारी काण्याने मला भुवया उडवल्या. आम्ही जिंकलो त्यावर.”

“त्याने उडवल्या आणि तू मानल्यास. मंगळवारी तू उडवल्यास, त्याने मानल्या. समोरचे घाबरून पत्ते टाकत होते. अख्खा उन्हाळा, इलारिओ, तुम्ही नसलेल्या पानावर जिंकताय, हरताय, आणि कोणालाच त्याची उणीव भासली नाही. तुम्ही माणूस वाचणार.”

तो एक्का हातात धरून नदीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मानेपासून हळूहळू वर चढत त्याचे दोन्ही कान लाल झाले. हे कान कोणी चोळले नव्हते.

मी फावडं त्याच्या हातात दिलं.

“आधी माझा खांब,” मी म्हटलं. “खोल खण.”