डिलेनीच्या दातांतला इअरफोन

मित्रांनो, मी एक जुना इअरफोन आहे. बटणाएवढा, एकाच कानात बसणारा आणि स्वभावाने भित्रा. सेल संपेल, कुणाच्या पायाखाली येईन, ही धास्ती मला कारखान्यातल्या डबीत होतो तेव्हापासूनची. पण सगळ्यात जास्त भीती वाटते ती माझ्यातून जाणाऱ्या शब्दांची. आलेला शब्द मला अडवता येत नाही.

अमेरिकेतल्या डुलुथ गावी, मोठ्या सरोवराकाठी, मुलांच्या मानसोपचाराचं एक केंद्र आहे. मी तिथे कामाला लागलो. एका खोलीत आई आपल्या मुलाबरोबर खेळते. भिंतीतली काच त्या खोलीतून आरशासारखी दिसते, पण पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून आरपार दिसतं. तिथे डॉक्टर माइकसमोर बसून आईच्या कानात, म्हणजे माझ्यात, हळूच सांगते, "आता कौतुक करा. हुकूम नको, प्रश्न नको." आई तसं बोलते आणि हळूहळू पोरं निवळतात. मला परत देताना कितीतरी आया पुसून म्हणायच्या, "गुणी रे बाबा तू!" मी फुगून जायचो.

उन्हाळा सरला की नवे शिकाऊ डॉक्टर येतात. पीएचडी झालेली असते, नावाआधी डॉक्टर लागलेलं असतं, तरी अजून कुणाच्या तरी नजरेखाली शिकावं लागतं. त्यांतली मारेन मला फार जवळची, कारण तीही माझ्यासारखीच घाबरट. तिच्यावर देखरेख डॉ. ओकरलंड यांची, करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई.

मारेनकडे टॉन्या आली, चार वर्षांच्या डिलेनीला घेऊन. डिलेनी चावायची. बालवाडीने निर्वाणीचं सांगितलं होतं, पुन्हा चावली तर आणू नका. टॉन्या बेकरीत पहाटपाळी करायची. पोर घरी बसली असती तर तिची नोकरीही गेली असती.

एका मंगळवारी डिलेनीने ठोकळ्यांचा डबा भिरकावला. टॉन्या भिंतीला चिकटून उभी राहिली. "जवळ जा, खाली बसा," मारेन माझ्यातून सांगत होती. टॉन्या जागची हलेना. तेव्हा मारेन शेजारी बसलेल्या डॉ. ओकरलंडकडे वळून म्हणाली, "मला या पोरीची भीती वाटते हो. आणि खरं सांगू? तिच्या आईलाही वाटते. म्हणून ती जवळ जात नाही."

असं आपापसात बोलताना माइक बंद करायचा असतो, त्याचा लाल दिवा विझला ना हे बघायचं असतं. मारेन ते विसरली. सगळे शब्द माझ्यातून सरळ टॉन्याच्या कानात गेले. तिचा कान तापलेला मला कळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने मला उपटून खाली फेकलं. "माझ्याच पोरीला मी घाबरते म्हणे!" काचेकडे बघून ती ओरडली आणि कोट उचलायला वळली.

तेवढ्यात डिलेनीने मला उचललं. माझ्यातून डॉ. ओकरलंडचा आवाज येत होता, "अगं मारेन, दिवा! दिवा चालू आहे!" डिलेनीला गंमत वाटली आणि तिने मला दातांत धरलं. मित्रांनो, तिच्या घशात अडकलो असतो तर? माझ्यातला सेल तिच्या पोटात गेला असता तर? पलीकडे खुर्ची पडली. मारेन धावत निघाली होती.

टॉन्याच्या कानात आता सांगणारं कुणी नव्हतं. ती लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. तिच्या मनगटावर त्याच दातांचे जुने वण होते आणि तो हात थरथरत होता. "हळूच धरलंयस गं," ती म्हणाली. "किती सांभाळून धरलंयस. शहाणी माझी!" तिने तळहात दातांपाशी नेला.

डिलेनीने मला त्या हातावर सोडलं. "मॉम, तो ओरडत होता. घाबरलाय तो."

"हो गं राणी," टॉन्या म्हणाली. "मी पण घाबरलेय."

डिलेनीने तिच्या गळ्यात हात टाकले. ती चावली नाही.

दारात मारेन धापा टाकत उभी होती. "चुकलं माझं, टॉन्या. तुमच्याशी बोलायचं ते मी तुमच्यामागे बोलले."

टॉन्याने मला कोटाला पुसलं. "पुढच्या मंगळवारी येतो आम्ही. तोवर तुम्ही तो दिवा बघायला शिका, डॉक्टर!"

डिलेनी पुढे घरी एकदा चावली, बालवाडीत मात्र नाही. मी तेव्हापासून खरखरतो, म्हणून माझ्या जागी नवा आला आणि मी टेबलाच्या खणात पडलो. शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी आली की डॉ. ओकरलंड मला बाहेर काढून दाताची खूण दाखवतात. ते हसतात. मला वाटतं, हसू नये.

मित्रांनो, तुमच्या तोंडाजवळ लाल दिवा नसतो. म्हणून ज्याच्याबद्दल बोलता, तो ऐकतोय असं धरूनच बोला. आणि कुणी घाबरलेलं दिसलं, तर ते काचेआडून दुसऱ्याला सांगत बसू नका. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसा आणि हात पुढे करा. थरथरला तरी चालेल.