सलुकीची पारख

मजीदने शफाच्या बुटाची नाडी सोडली, पुन्हा आवळली आणि तिच्या पायजम्याची टोकं मोज्यांत खोचली.

"अब्बा, टू टाइट," शफा म्हणाली.

"असू दे. वाळूत जायचंय."

तय्यबा दाराशी उभी होती. दोह्यातल्या अल मुंतझा भागातल्या त्या जुन्या इमारतीत शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, एरवी सगळं निजलेलं असे. तिने आवाज खाली ठेवला, पण राग काही खाली ठेवता आला नाही.

"कुत्र्यांत तिला कशाला नेतस? त्यांना पोर हवा तर त्यांचा आहे ना घरात."

"बू मुबारकनी स्वतः फोन केला. मी काय सांगू?"

"नको म्हणून सांगायचा."

मजीदने गाडीची किल्ली उचलली. तय्यबाने शफाच्या केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "चाटलंनी कुठं तर पाक व्हायला सात वेळा धुवायला लागेल. आणि चावलंनी तर?"

मजीद शफाला घेऊन जिना उतरला.

राजापूरजवळच्या त्याच्या गावात, तो लहान असताना, पिसाळलेल्या कुत्र्याने त्याच्या धाकट्या बहिणीचा गाल फाडला होता. ती वाचली, पण आजही फोटो काढताना मान एका बाजूला वळवते. मजीद पन्नाशीला आला तरी रस्त्यात कुत्रं दिसलं की पलीकडच्या फुटपाथवर जाई. दोह्यात त्याला बरं वाटलं त्यातलं एक कारण हेच होतं, की इथे कुत्री फारशी आडवी येत नाहीत.

बू मुबारक, म्हणजे मुबारकचे वडील, त्याचे मालक. क्रेन आणि ट्रेलर भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. मजीद त्यांच्या ऑफिसात कारकून म्हणून लागला आणि हळूहळू घरचाच झाला. मालकांचा सर्वांत धाकटा गानिम जन्मला तेव्हा त्याच्या आईला दवाखान्यात मजीदनेच नेलं होतं. आता गानिम सात वर्षांचा होता आणि त्याला शाळेत सोडणं हे ऑफिसच्या कामाआधीचं मजीदचं काम होतं. पोराला त्याने मराठी 'चल चल' आणि 'आंबा' शिकवलं होतं. रत्नागिरीहून पेटी आली की पहिला आंबा गानिमचा, दुसरा शफाचा.

त्या वर्षाच्या अखेरीला फुटबॉलचा वर्ल्ड कप येणार होता. बाहेरच्या माणसाला वाटे, आता दोह्यात कामच काम असेल. ऑफिसात बसणाऱ्याला वेगळं दिसत होतं. स्टेडियमं उभी राहिली होती, क्रेन एकेक करून यार्डात परत येत होत्या आणि क्रेनबरोबर माणसंही. शेजारच्या टेबलावरच्या केरळी अकाउंटंटला गेल्या डिसेंबरात 'खलास' सांगितलं होतं. मजीदला कुणी काही बोललं नव्हतं. म्हणूनच बू मुबारकचा फोन तो पहिल्याच रिंगला उचलत असे.

फोनवर ते नेहमीच्या अरबी-हिंदी मिसळीत म्हणाले होते, "शिकारीसाठी सलुकी घ्यायचाय. ससा पकडणारा. पण गानिमची आई म्हणते, हिवाळ्यात वाळवंटातल्या तंबूवर पोरंबाळं असतात, मुलांना सांभाळून घेणारा असेल तरच आण. गानिम मालकाचा मुलगा, त्याच्यापाशी सगळे सलुकीला आवरून धरतील. परकं मूलही हवं. तुझ्या मुलीला घेऊन ये."

मजीद म्हणाला होता, "हाजिर."

दुखानचा रस्ता धरून ते शहराबाहेर, शहानियाच्या पुढे गेले. शफा खिडकीला नाक लावून बसली होती. मजीदने तिला तीनदा बजावलं, कुत्र्याच्या तोंडाशी हात न्यायचा नाही, ओरडायचं नाही, पाठ दाखवायची नाही. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अब्बा, आर यू स्केअर्ड?" आणि त्याने रेडिओ लावला.

सलुकी पाळून विकणाऱ्या मतर नावाच्या कतारी माणसाची ती वाडी होती. कुंपणाची भिंत, आत बाभळीची चार झाडं, पाण्याची टाकी आणि लांबलचक मोकळं वाळूचं पटांगण. गानिम गाडी दिसताच धावत आला.

"मजीद! चल चल!" त्याने मजीदचा हात धरून ओढलं, मग शफाला बघून जरा लाजला, मग तिचाही हात धरला.

"घाबरू नकोस," मागोमाग येत बू मुबारक शफाला म्हणाले. "हा कुत्रा नाही, सलुकी आहे. आमच्या आजोबांच्या अंथरुणाशी झोपायचा."

मजीदला मात्र कुत्रीच दिसली. लांब तोंडाची, बरगड्या मोजता येतील अशी, काठ्यांसारख्या पायांची. त्यांचं ते न भुंकणं त्याला जास्त भिववत होतं.

मतरने दोरीला सशाचं कातडं बांधलं होतं. एक पोऱ्या दुचाकीवर बसून ते पटांगणभर ओढणार आणि सलुकी मागे सुटणार. पहिला पांढरा होता. मुलांनी त्याचे कान धरले, शेपूट धरली, तो डोळे मिटून उभा. पण कातडं सुटलं तेव्हा अर्धं पटांगण धावून तो थबकला, एक झुडूप हुंगून परत आला.

"हा ससा पकडणार नाही, सशाशी दोस्ती करेल," बू मुबारक म्हणाले.

दुसरा तांबडा. त्याने कातडं पकडलं आणि असं झटकलं की दोरी तुटली. गानिम कौतुकाने पुढे झाला, तसा त्याच्या घशातून खोल गुरगुर निघाली. मतरने त्याला लगेच बाजूला नेलं. मजीदने शफाला आपल्या मागे ओढलं होतं. तिचं मनगट आपण किती घट्ट धरलंय हे तिने हात सोडवून घेतल्यावर त्याला कळलं.

तिसरी कुत्री होती, काळी, पायांवर पिंगट. मतर तिला हबूब म्हणायचा, धुळीच्या वादळाच्या नावाने. ती सुटली तेव्हा पाय जमिनीला लागताना दिसलेच नाहीत. कातडं तिने उचललं, मतरने शीळ घातली आणि तिने ते आणून त्याच्या पायाशी ठेवलं. गानिमने ते उचललं तरी ती नुसती बघत राहिली. बू मुबारकच्या चेहऱ्यावर तहानेल्याला पाणी दिसावं तसं काहीतरी आलं.

"हीच," ते म्हणाले.

"एक बघायचं राहिलं," मतर म्हणाला. "ही धावत्या गोष्टीमागे जाणारी जात. तंबूवर मुलं धावणारच. ससा कोण आणि मूल कोण हे हिला कळतं का, ते आजच बघा. नंतर माझ्याकडे येऊ नका."

बू मुबारकनी पटांगणाच्या पलीकडच्या टोकाकडे बोट केलं. "मजीद, तू त्या टाकीपाशी उभा राहा. मुलं तुझ्याकडे धावत येतील. मग आम्ही हिला सोडू."

मजीद शफाच्या पुढे आला. "बू मुबारक, मुलगी दमलीय."

"आय एम नॉट," शफा म्हणाली.

"मीच धावतो ना."

मतर मोठ्याने हसला, बू मुबारकही हसले. "तू ससा दिसतोस का? तू उंट आहेस. यल्ला, चल, एकदाच."

एकदाच. मजीद टाकीकडे चालू लागला. वाटेत त्याच्या मनात आलं की मागे वळावं, शफाला गाडीत घालावं आणि सरळ घर गाठावं. मग यार्डातल्या रिकाम्या क्रेन मनात आल्या, शफाची शाळा आली, आणि तो टाकीपाशी पोचला. वळून पाहिलं तेव्हा मुलं लहान दिसत होती. बू मुबारकनी खाली वाकून हबूबचा पट्टा स्वतःच्या हाताने धरला होता.

"चल चल!" गानिम ओरडला आणि दोघं सुटली.

शफा नऊ वर्षांची, लांब पायांची. तिने लगेच गानिमला मागे टाकलं. गानिमचा पायघोळ पांढरा सदरा पायांत अडकत होता, तो एका हाताने तो वर धरून हसत हसत धावत होता. मग बू मुबारकनी पट्टा सोडला.

मजीदला आवाज काहीच आला नाही. फक्त ती काळी रेघ जमिनीलगत येताना दिसली आणि मुलं व ती यांच्यातली वाळू कमी कमी होत गेली. शफा पोचत होती. गानिम तिच्या मागे दहा-बारा पावलांवर होता. आता तो हसत नव्हता, त्याने मागे बघितलं होतं. त्याने सदरा सोडला आणि दोन्ही हात मजीदकडे पसरले.

"मजीद!"

मजीदने शफाला उचललं, छातीशी दाबलं आणि पाठ फिरवली.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. शफाचं हृदय त्याच्या गळ्यापाशी धडधडत होतं. पाठीमागे काहीच होत नव्हतं. ना किंकाळी, ना गुरगुर. त्याने मान वळवली.

गानिम वाळूत गुडघ्यांवर होता, डोळे घट्ट मिटलेले, हात अजून पुढेच. हबूब त्याला ओलांडून गेली होती. ती एक मोठं वळण घेऊन परत आली, त्याच्यासमोर उभी राहिली, त्याची टोपी हुंगली आणि धापा टाकत त्याच्या शेजारी लोळली. गानिमने डोळे उघडले. कुत्रीकडे त्याने पाहिलंच नाही. तो मजीदकडे बघत होता.

मजीदने शफाला खाली ठेवलं. "गानिम, शाबास. उठ, बेटा." तो पुढे झाला, पण तोवर पोरगा आपणच उठला होता आणि गुडघे झाडत होता.

"माशाल्ला!" मतर लांबून ओरडत येत होता. "बघितलंत? बघितलंत ना?"

बू मुबारक मात्र सावकाश आले. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, शफाला विचारलं, पाणी हवं का. मग मजीदला बाजूला घेतलं. मजीदला वाटलं, आता ऐकायला मिळणार. सोळा वर्षांत जे ऐकलं नव्हतं ते.

"इकडे बघ," ते म्हणाले.

"माफ करा, बू मुबारक. मला... मला ती एकटीच..."

"पट्टा मी सोडला." ते आपल्या तळहाताकडे बघत होते. "अर्ध्यावर ती गेली तेव्हा वाटलं, हे काय केलं मी. ओरडलोसुद्धा. ती थांबली नाही."

 पलीकडे मतर चहा ओतत होता.

"गानिमच्या आईला यातलं काही सांगायचं नाही," बू मुबारक म्हणाले. "मीही नाही, तूही नाही."

"नाही."

"आणि कामाची काळजी करू नकोस. तू आहेस."

इतके महिने जे ऐकायला मजीदचे कान आसुसले होते, ते हेच. चहाचा पेला मात्र त्याने भरलेलाच खाली ठेवला.

परतताना शफाने बुटांच्या नाड्या सोडल्या. दुखानच्या रस्त्यावर फुटबॉलची चित्रं लावलेले खांब एकामागून एक मागे पडत होते.

"अब्बा, गानिम वॉज राइट बिहाइंड मी."

"हं."

"तुम्ही त्याला पाहिलं नाही?" हे तिने मराठीत विचारलं.

"धूळ होती, बेटा."

शफाने खिडकीबाहेर बघितलं. घरी तय्यबाने तिचे हातपाय उलटसुलट तपासले, नखं पाहिली, आणि विचारलं, "काय झाला नाही ना?" शफाने बापाकडे एकदा पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं.

रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी मजीद नेहमीसारखा गाडी घेऊन मालकांच्या दारात उभा राहिला. अंगणात हबूब नव्या पट्ट्याने बांधलेली होती. गानिमच्या आईने दारातूनच सांगितलं की कुत्री फार गुणी निघाली, रात्रभर पोराच्या खोलीबाहेर बसली होती. मजीद म्हणाला, अल्हमदुलिल्ला.

गाडीत गानिम मागे बसला आणि रोज मजीद लावायचा तो सीटचा पट्टा त्याने आपणच लावला. मजीदने विचारलं, कुत्री आवडली का. हो, म्हणाला. आंब्याची पेटी यंदा लवकर येणार आहे, मजीदने सांगितलं. बरं, म्हणाला. शाळेच्या फाटकाशी गाड्यांची रांग होती. मजीदने उतरून दार उघडलं, दप्तर काढलं आणि त्याच्या खांद्यावर चढवलं.

गानिमने पट्टे सरळ केले आणि वर पाहिलं.

"शुक्रन," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने मजीदचे असे, परक्याचे मानावेत तसे, आभार कधी मानले नव्हते. तो फाटकातून आत गेला, मजीद दार धरून उभा राहिला, आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.