दुसऱ्या खुर्चीचा होकार

सकाळी अकराच्या सुमारास धाकट्या भावाने विचारलं, "दादा, तुझी खुर्ची दुसऱ्या कारागिराला देऊ का?" दादा म्हणाला, "हो."

केस कापायच्या त्या दुकानात दोनच खुर्च्या. आरशासमोरची डावी धाकट्याची, उजवी थोरल्याची. हिवाळ्यात थोरल्याच्या मेंदूत गुठळी अडकली. हातपाय सावरले, बोलणं गेलं; काहीही विचारलं की तेवढा 'हो' येतो. तेव्हापासून उजव्या खुर्चीवर धुतलेल्या टॉवेलांची चळत असते.

"ऐकलंत ना वहिनी? तो स्वतः हो म्हणाला."

थोरल्याची बायको दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, खुर्ची ठेवायची का तुमच्याकडेच?"

"हो," तो म्हणाला, आणि आपल्याच तोंडावर वैतागून त्याने मांडीवर मूठ आपटली.

"बघा," ती म्हणाली. "ह्यांच्या होकाराला काही अर्थ नाही. कालच चहात मीठ टाकू का विचारलं, तरी हो."

"मग मी विचारू तरी कुणाला?" धाकटा आवाज न चढवता बोलला. एकट्याने दोघांचं काम करून त्याचे डोळे खोल गेले होते. "दिवसभर उभा असतो, पायांत गोळे येतात. गिऱ्हाईक वाट बघून निघून जातं. आज पाचला नवा माणूस येतोय, मला कळायला हवं. त्याला बसवून ठेवायचं आणि मग दादा रुसायचा, ते नको."

त्याचंही चूक नव्हतं, आणि तेच तिला जास्त जड जात होतं. सकाळपासून ती दोघांपुरतं बोलत असे. दूधवाल्याशी, शेजाऱ्यांशी, मुलीशी फोनवर. संध्याकाळी घसा बसलेला असे.

दुपारी ती त्याला घेऊन वाचा-उपचाराच्या खोलीत गेली. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर आरसा. उपचार करणारी बाई तरुण होती. घरचे सगळे तिला मॅडमच म्हणत. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: शब्द सापडत नाही हा एक त्रास, सापडलाच तर जीभ-ओठ तो कसा करायचा ते विसरतात, हा दुसरा. ह्यांना दोन्ही होते. डोकं मात्र शाबूत होतं.

"आजचा शब्द 'नको'," मॅडम म्हणाल्या. "काका, आरशात बघा. माझी जीभ कुठे लागते? वरच्या दातांच्या मागे. न. आता तुमची."

त्याने आरशात पाहिलं, पण मॅडमच्या कपाळावरच्या केसांकडे. दोन बोटांची कात्री करून त्याने डावी बाजू दाखवली.

"वाकडे कापलेत, असं म्हणताय?"

"हो." हा होकार मात्र खरा होता.

"मॅडम, ह्यांना आरशात समोरच्याचंच तोंड दिसतं," बायको म्हणाली. "जन्मभर तेच केलंय. आणि खुर्चीत बसलं की तोंड मिटायचं, असंच गिऱ्हाइकांना सांगायचे. ह्यांच्या खुर्चीपाशी बोलायचा हक्क उभ्या माणसाला."

 इतके महिने मॅडम त्याला आरशासमोर बसवत आल्या होत्या. मग त्यांनी त्याला उठवून मागे उभं केलं आणि स्वतः त्याच्या खुर्चीत बसल्या.

तो उभा राहिला. खांदे सैल झाले. त्याने दोन बोटांनी मॅडमचं डोकं पुढे कलतं केलं आणि म्हणाला, "मान खाली."

स्वच्छ. बायकोच्या हातातली पिशवी घसरली.

"लगेच खूश होऊ नका, काकू," मॅडम मान खाली ठेवूनच म्हणाल्या. "हे सवयीचं बोलणं आहे. आपोआप येतं, जसे आकडे येतात, शिव्या येतात."

"शिव्या येतात खऱ्या. परवा मलाच दिली. मी म्हटलं, चला, काहीतरी चालू आहे."

तो हसला. त्यानंतर तासभर तो खुर्चीमागे उभा होता. मान. मान. मा, न. न. एकदाच 'नको' आलं, तेही अर्धं, आणि तेवढ्यानेच त्याच्या कपाळावर घाम साचला.

"पाचला भाऊजी ह्यांना खुर्चीचं विचारणार आहेत," बायको निघताना म्हणाली.

"उभं असताना विचारा. आणि एक सांगते, राग मानू नका. तुम्ही त्यांचा शब्द पुरा करून देता. आज देऊ नका."

"मला मुद्दाम द्यायचा नसतो हो. वाट बघवत नाही, म्हणून तोंडातून निघून जातो."

पाचला ते दुकानात पोचले तेव्हा टॉवेल हलवलेले होते. नवा कारागीर उंची जमते का बघायला उजव्या खुर्चीत बसला होता. त्यांना पाहून तो उठायला लागला, पण थोरला मागे जाऊन उभा राहिला होता. त्याने खुंटीवरचं कापड घेतलं, झटकलं, नव्याच्या गळ्याभोवती बांधलं.

"दादा," धाकटा म्हणाला, "ही खुर्ची ह्यांना देऊ?"

थोरल्याने नव्याच्या डोक्यावर बोटं टेकली. "मान खाली."

नव्याने सवयीने मान खाली घातली.

"हे काय उत्तर झालं, वहिनी?"

"उत्तर नाही हे," ती म्हणाली. "थांबा जरा भाऊजी."

"किती?"

 शब्द तिच्या जिभेवर तयार होता. 'हो' आणि 'नको', दोन्ही शब्द तयार होते. पण ह्यातला ह्यांचा कुठला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. खुर्ची हवी, की धाकट्याची दमछाक थांबायला हवी? तिने ओठ मिटले आणि पिशवीचे बंद मुठीत धरले.

बाकावरचं गिऱ्हाईक पेपर खाली ठेवून बघत होतं. धाकटा कात्री हातात घेऊन उभा होता. नव्याची मान अजून खालीच होती. थोरला आरशात बघत होता, आणि ह्या वेळी नव्याच्या केसांकडे नाही, स्वतःच्या ओठांकडे. त्याचं तोंड किंचित उघडलं होतं. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलं होतं. आवाज अजून आला नव्हता.