शेवटच्या चरणापर्यंत

काजलची लग्गी गावात गाजली होती. पखवाजावर संथ ठेका चाललेला असताना मध्येच हात मोकळा सोडून भरभर बोल उडवायचे, ती लग्गी. ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. तिचा चुलतभाऊ भूपेंद्र नेमका तेवढाच तुकडा फोनवर घ्यायचा, आणि तो सगळ्या पाहुण्यारावळ्यांत फिरायचा. दहावीतल्या पोरीला आणखी काय हवं?

तिला एक जागा हवी होती. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी बाहेरगावचे कीर्तनकार उभे राहण्याआधी गावातल्या बायांचं भजनी मंडळ एक अभंग म्हणतं. त्या अभंगाला पखवाजावर बसायचं होतं तिला. आणि त्याच जागेवर नवनीतचाही डोळा होता. नवनीत लग्गीच्या वाटेला जायचा नाही. साधा ठेका धरायचा आणि धरूनच ठेवायचा. पोरं त्याला पिठाची गिरणी म्हणत.

दोघांचे गुरू खांडबाऱ्याचे भाईदास बुवा. ते गुरुवारी येऊन शिकवत. एरवी मुलांनी वाजवलेलं फोनवर पाठवायचं. अट एवढीच, की अभंग अख्खा हवा. मध्ये तोडायचा नाही, चुकलं तरी थांबायचं नाही. बुवा ते नंदुरबारला जाताना गाडीत कानाला लावून ऐकत. मांडीवर बोटं चालूच. समोरच्या बाईनं एकदा विचारलं होतं म्हणे, बाबा, पाय दुखतो का.

काजलनं आपला अख्खा अभंग दगूबाई मावशींच्या ओट्यावर, त्यांच्याच गाण्यासोबत, फोनवर घेतला. मावशी मंडळात पुढे गाणाऱ्या, सत्तरीच्या, आवाज अजून खणखणीत. चार चरणांचा अभंग, शेवटच्या चरणाच्या टोकाला विठ्ठलाचं नाव. लग्गी अशी बसली की मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला निघालेल्या बायासुद्धा थबकल्या. काजलनं न ऐकताच पाठवून दिलं.

संध्याकाळी बुवांचा निरोप आला. कौतुक होतं, पण पाठोपाठ प्रश्नही होता.

"पोरी, लग्गी चांगली शे. पन शेवटला देवनं नाव कोठे गयं?"

मग तिनं पहिल्यांदाच स्वतःला पहिल्या बोलापासून शेवटपर्यंत ऐकलं. पहिला चरण पालखीसारखा चाललेला. दुसऱ्यात लग्गी. तिसऱ्यात चाल वाढलेली. चौथ्यात तर पालखी सोडून भोई पळत सुटलेले, आणि मावशी नावापाशी येईतो श्वास संपून गप्प. जिथे नाव यायला हवं तिथे काजलची थाप तेवढी वाजत होती.

ती फोन घेऊन मावशींकडे गेली. आवाज पुढे पळवायचं बटण चुकून दाबलं गेलं असणार, फोनच घाई करतोय, अशी तिची खात्री.

"मावशी, फोन धाई करी ऱ्हायना."

मावशी वांगी चिरत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "फोन ना वं, तू धाई करी ऱ्हायनी. माले दम लेवाले जागाच ऱ्हात नही."

मग आधी का नाही सांगितलंत, म्हणून काजल रुसली. मावशी म्हणाल्या, एवढ्या खुशीत वाजवत होतीस, मोडवेना. आणि भूपेंद्रच्या तुकड्यात म्हातारी कुठे थकते? ती दमायच्या आत त्याचा तुकडा संपतो.

काजलला हे लागलं, पण पटलंही. तुकड्यात लग्गी बसली की काम झालं. अभंगात मात्र लग्गीनंतरही अर्धी वाट उरते, आणि ती तिथे आनंदानंच धावत सुटत होती.

मग रोज शाळेतून आल्यावर दोघींचा ओट्यावर कार्यक्रम. फोन खिडकीत, अभंग अख्खा. मधून ट्रॅक्टर गेला, शेळी ओरडली, तरी थांबणं नाही. काजल वाजवताना ओठातल्या ओठात चरण म्हणायला लागली. जिथे तिला श्वास लागतो तिथे मावशींनाही लागणार, हे तिला तेव्हा कळलं. तरी एकदा लग्गी गोड उतरली आणि हात पुन्हा सुटला. नवनीत रस्त्यावरून ऐकत होता. "बस ना, सुरतनी गाडी चुकी जाई का?" असं म्हणून तो हसत पुढे गेला. काजलनं त्या दिवशी अभंग पुन्हा पहिल्यापासून घेतला.

सप्ताहाच्या आदल्या गुरुवारी बुवांनी दोघांचं मंदिरात बसून ऐकलं, तेही अख्खं. रोजच्या हरिपाठाला नवनीत, पहिल्या दिवशीच्या अभंगाला काजल. निवाडा सांगून ते चहा प्यायला लागले. कारण कुणीच विचारलं नाही.

पहिल्या दिवशी मंडप भरला. काजलनं पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावली, नमस्कार केला आणि ठेका धरला. दुसरा चरण आला. भूपेंद्रनं फोन उचलला. लग्गी आली, लहानशी, एक वळण घेऊन परत ठेक्यात मिसळली. त्यानं फोन खाली केला. तिसरा चरण पहिल्यासारखाच चालत गेला. चौथ्यात मावशींचा आवाज जरा कापला, तशी काजलनं थाप हलकी केली आणि डोळे त्यांच्या ओठांवर ठेवले. मावशींनी श्वास घेतला, पुरता घेतला, आणि नाव घेतलं. सगळ्या मंडपानं ते उचललं.

बाहेरगावचे कीर्तनकार तोवर उठून उभे राहिले होते. त्यांनी हातानंच खूण केली, शेवटचा चरण आणखी एकदा. काजल ठेक्यातच होती.