ड्रायव्हर जुना झालाय

“ड्रायव्हर जुना झालाय, बदलायला हवा, असं तोंडावर सांगून गेला तो,” काका म्हणाले. चौतीस वर्षं आगगाडीचं इंजिन चालवलेला माणूस. आधीच्या दुरुस्तीवाल्याचं ते वाक्य अजून त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

आता दुरुस्तीला आलेल्या ताईंनी हसू दाबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामलाही ड्रायव्हरच म्हणतात, तो बिचारा त्याच्याबद्दल बोलत होता, हे त्यांनी समजावलं. काकांनी ऐकून घेतलं, पण राग काही पुरता गेला नाही. मग तसं नीट सांगायचं ना, असं ते पुटपुटत राहिले.

ताई तेवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत होत्या, त्याआधी वडिलांच्या हाताखाली टाइपरायटर. दुकानातले लोक चेष्टेनं म्हणत, ताई दुरुस्तीला जात नाहीत, मशीनकडे पाहुण्या म्हणून जातात. कारण गेल्या गेल्या स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आधी शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि समोरचा रोज जे करतो ते त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत करू द्यायचं. अक्षर का अडकतं हे मशीनच्या आधी टायपिस्टची बोटं सांगतात, ही वडिलांची शिकवण होती. या नेमापायी वेळ फार जायचा आणि मालकाची बोलणी बसायची, पण ताई बधल्या नाहीत.

काकांची तक्रार सरळ होती. जुनं कार्ड जळालं म्हणून परगावी असलेल्या त्यांच्या मुलानं नवं, चांगलं दणदणीत कार्ड पाठवलं. तेव्हापासून त्यांचा आगगाडी चालवायचा गेम अडखळायला लागला. गाडी धावता धावता क्षणभर थिजायची आणि एकदम पुढे उडी मारायची. आधीच्या माणसानं ड्रायव्हर बदलला, वायरी तपासल्या आणि कार्डातच खोट आहे म्हणून हात झटकले.

एका गेमसाठी म्हाताऱ्याचा एवढा जीव का खालीवर होतोय, हे ताईंना खिडकीकडे पाहिल्यावर कळलं. तिथं चाकाच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. बोलणं शिकवणाऱ्या बाई दाखवायच्या ती चित्रं त्या हातानं ढकलून द्यायच्या. पण एकदा गेम खेळताना काकांनी सवयीनं “हिरवा” अशी हाक दिली. इंजिनात दोघं असतात. एकानं सिग्नलचा रंग मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही. त्या दिवशी पाठीमागून आवाज आला, “ही...वा.”

तेव्हापासून रोज सकाळी दहाला दोघांची ड्यूटी. चार महिन्यांत काकूंचे तिन्ही रंग स्वच्छ झाले, त्यांच्यामागोमाग ‘पाणी’ आलं, ‘नको’ आलं आणि मुलाचं लाडाचं नावही आलं. आता सिग्नल नजरेत ठरायच्या आत उडी मारून निघून जायचा. काकू आधी डोळे मिटायला लागल्या, मग त्यांनी खुर्चीच फिरवली. दोन दिवस झाले, पाणीसुद्धा त्या खुणेनं मागत होत्या.

“परत मुकी होईल हो ती,” काका हळू आवाजात म्हणाले.

रोजच्यासारखी ड्यूटी करा, एवढंच ताईंनी सांगितलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. काकांनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं, गाडी सोडली. पूल आला, अडखळली. वळण आलं, अडखळली. प्रत्येक नवं दृश्य आलं की अडखळत होती. ताई वहीत टिपत होत्या. काकू भिंतीकडेच पाहत होत्या.

फेरी संपली. दुसरा कुणी असता तर एव्हाना कॉम्प्युटर उघडून बसला असता. ताई हलल्या नाहीत, आणि म्हणूनच पुढचं त्यांना दिसलं. काकांनी सफाईचा एक प्रोग्राम उघडला आणि आत साठलेलं सगळं पुसून टाकलं.

हे काय केलंत, असं ताईंनी विचारलं.

“ड्यूटी संपली की इंजिन लख्ख करूनच दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं,” काका अभिमानानं म्हणाले. “पोरानं एवढं भारी कार्ड दिलंय. आल्या दिवसापासून एकदाही चुकवलं नाही.”

ताईंना त्या माणसाचं मनापासून कौतुक वाटलं, आणि त्याला कसं सांगावं हे कळेना. कार्ड एखादं दृश्य पहिल्यांदा दाखवताना त्याची तयारी करतं, म्हणून अडखळतं. ती तयारी साठवून ठेवली की पुढच्या वेळी गाडी सुरळीत जाते. काका तीच रोज पुसत होते.

“काका, नव्या मार्गावर इंजिन लगेच हातात देतात?”

“छे. आधी जाणत्याबरोबर तीन फेऱ्या करायच्या, रस्ता शिकायचा. शिकलो म्हणून सही करायची, मग.”

“हे कार्डही रस्ताच शिकतंय. तुम्ही त्याचं शिकलेलं रोज पुसताय.”

काकांनी चष्मा काढला आणि मान खाली घातली. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“म्हणजे रोज नवशिक्याला बसवत होतो मी. आणि वर हिच्यावरच चिडलो, नीट बघत नाहीस म्हणून.”

ताईंनी ही तयारी साठते तेवढी एक जागा सफाईतून वगळली आणि तीन फेऱ्या करायला सांगितल्या. दुकानातून दोनदा फोन आला, त्यांनी तो बंद करून ठेवला. पहिल्या फेरीत गाडी पूर्वीसारखीच ठेचकाळली. दुसरीत दोनच ठिकाणी. तिसऱ्या फेरीत पूल असा सरला की चाकांचा ठेका कुठेच तुटला नाही, आणि त्या ठेक्यावर खिडकीपाशी दुसरी दोन चाकं करकरली. काकूंनी खुर्ची वळवली होती.

लांबवर सिग्नल दिसला. काकांनी हाक द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते थांबले. सिग्नल जवळ येत होता.

“हिरवा,” काकू म्हणाल्या.

नियमाप्रमाणे दुसऱ्यानं तोच शब्द परत म्हणायचा असतो. काकांना तो म्हणायला जरा वेळ लागला.